ॲप बंद केलं कोणी? टॅबलेटच्या नोंदी वाचताना

तक्रार एका ओळीची होती : रात्री माहिती वर जात नाही, कारण लोक ॲप बंद करून ठेवतात. या ओळीसोबत खोकंभर अँड्रॉइड टॅबलेट माझ्या टेबलावर येऊन पडले. क्षेत्रकामाला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी दिवसभर फॉर्म भरायचे आणि रात्री दोनच्या सुमारास ॲपने आपणहून ते सर्व्हरला पाठवायचे, अशी रचना होती. काही टॅबलेटवर हे बिनबोभाट चालायचं, काहींवर दिवसचे दिवस काहीच जायचं नाही. कार्यालयाचं मत ठरून गेलं होतं : बॅटरी वाचवायला माणसं ॲप मारून टाकतात. कार्यकर्त्यांपैकी एक ताई टॅबलेट देताना म्हणाल्या, “अहो, ते बंद कुठून करतात हेच मला माहीत नाही.”

या भांडणात मत द्यायची मला इच्छा नव्हती. शिवाय एकेक टॅबलेट उघडून, सेटिंग्जच्या पानांवर बोटं फिरवून यातून काही निघणार नाही हेही दिसत होतं. स्क्रीनवर कळतं ते आत्ता काय चालू आहे एवढंच. मला हवं होतं ते परवा रात्री दोन वाजता काय झालं याचं उत्तर. ते मिळायची जागा एकच, संगणकाची कमांडलाइन आणि अँड्रॉइड डिबग ब्रिज, म्हणजे आपलं एडीबी : संगणकावरून अँड्रॉइड यंत्राला आज्ञा द्यायचं साधन.

एडीबीचे तीन तुकडे असतात. आपण टर्मिनलमध्ये टाइप करतो तो क्लायंट. त्याच संगणकावर मागे गुपचूप चालणारा सर्व्हर, जो ५०३७ या पोर्टवर ऐकत बसतो. आणि फोनमध्ये चालणारा एडीबीडी नावाचा डिमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम. हे माहीत असलं की निम्म्या अडचणी कुठल्या तुकड्यात आहेत ते लगेच कळतं. माझ्या संगणकावर एक एडीबी लिनक्सच्या पॅकेजमधून आलेलं होतं आणि दुसरं अँड्रॉइड स्टुडिओबरोबर. दोघांच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या की एकाचा क्लायंट दुसऱ्याचा सर्व्हर ‘आवृत्ती जुळत नाही’ म्हणून मारतो आणि स्वतःचा सुरू करतो, मग दुसरा त्याचा मारतो. जोडलेली यंत्रं मध्येच गायब होतात आणि आपण केबल हलवत बसतो. एक एडीबी काढून टाकलं, विषय संपला.

प्रत्येक टॅबलेटवर आधी डेव्हलपर ऑप्शन्स उघडावे लागतात. अँड्रॉइड ४.२ पासून ते लपवलेले आहेत. ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की उघडतात. त्यात यूएसबी डिबगिंग चालू करायचं, केबल लावायची आणि ‘एडीबी डिव्हाइसेस’ म्हणायचं. मग यादी येते आणि प्रत्येक नावापुढे एक शब्द असतो. ‘डिव्हाइस’ आलं तर उत्तम. ‘अनऑथोराइज्ड’ आलं तर टॅबलेटच्या पडद्यावर परवानगीची चौकट वाट पाहत बसलेली असते. ४.२.२ पासून संगणकाची आरएसए किल्ली, म्हणजे त्याची डिजिटल ओळख, टॅबलेटने मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘ऑफलाइन’ म्हणजे केबलच्या पलीकडे कुणीतरी आहे पण बोलत नाही. लिनक्सवर ‘नो परमिशन्स’ दिसलं तर बहुधा यूडेव्हचा, म्हणजे जोडलेल्या यंत्राला कुणी हात लावायचा ते ठरवणाऱ्या व्यवस्थेचा, नियम नसतो. आणि यादी पूर्णच रिकामी असेल तर सॉफ्टवेअरच्या आधी केबल बदलून बघा. नुसतं चार्जिंग करणाऱ्या, आत डेटाच्या तारा नसलेल्या केबली घरोघर असतात आणि दिसायला त्या हुबेहूब डेटा केबलसारख्याच असतात.

यादीत एक गंमत निघाली. एका स्वस्त बनावटीच्या सगळ्या टॅबलेटचा सिरीयल नंबर एकच होता : शून्यापासून नऊपर्यंत आकडे आणि पुढे ए ते एफ. कारखान्यात नंबर भरायचं कुणी कष्टच घेतले नव्हते. ‘एडीबी -एस’ लावून सिरीयलने निवडायला जावं तर एडीबी म्हणतं, या नावाची एकाहून जास्त यंत्रं आहेत. ‘एडीबी डिव्हाइसेस -एल’ केलं की प्रत्येकापुढे ट्रान्सपोर्ट आयडी दिसतो आणि ‘-टी’ लावून त्या आयडीने यंत्र निवडता येतं. हा आयडी केबल काढून परत लावली की बदलतो, म्हणून टॅबलेटच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवून स्वतःचे क्रमांक टाकले. कमांडलाइनवाल्याला शेवटी पेन लागतोच.

मग मोजदाद. प्रत्येक टॅबलेटचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, सुरक्षा पॅचची तारीख हे सगळं ‘गेटप्रॉप’मधून मिळतं. शिल्लक जागा ‘डीएफ’मधून, ॲपची आवृत्ती ‘डम्पसिस पॅकेज’मधून. हे हाताने कोण करणार, म्हणून शेलमध्ये लूप लिहिलं : यादी वाचायची आणि ओळीगणिक एका टॅबलेटला प्रश्न विचारायचे. इथे एक जुना सापळा आहे. ‘व्हाइल रीड’च्या लूपमध्ये ‘एडीबी शेल’ टाकलं की पहिल्या टॅबलेटनंतर लूप शांतपणे संपतं. चूक नाही, संदेश नाही. होतं असं की ‘एडीबी शेल’ हा लूपसाठी ठेवलेला सगळा इनपुट स्वतःच पिऊन टाकतो आणि ‘रीड’साठी काही उरत नाही. ‘एडीबी शेल -एन’ लिहिलं की तो इनपुटला हात लावत नाही. दुसरी गोष्ट जुन्या यंत्रांची. अँड्रॉइड ७ च्या आधी ‘एडीबी शेल’मधली कमांड फसली तरी संगणकाला शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’ असंच कळायचं. यशापयश त्या आकड्यावरून ठरवणारी स्क्रिप्ट अशा टॅबलेटवर डोळे मिटून होकार देते. त्यांच्यासाठी कमांडच्या शेवटी डॉलर-प्रश्नचिन्ह, म्हणजे तिच्या निकालाचा आकडा, छापून घ्यायचं आणि तो मजकूर वाचायचा.

मोजदादीतून एक आकृती दिसायला लागली. न पाठवणारे टॅबलेट दोनच बनावटींचे होते. एका बनावटीचे बहुतेक सगळे आजारी, दुसरीचे अधूनमधून. माणसांच्या सवयी अशा बनावटीप्रमाणे वाटल्या जात नाहीत. पण हा झाला संशय.

पुढचा थांबा लॉगकॅट, म्हणजे यंत्राच्या नोंदी दाखवणारी कमांड. हे नाव ऐकून लोकांना वाटतं, तिथे सगळं लिहिलेलं असेल. लिहिलेलं असतं, पण टिकत नाही. लॉग ठरावीक आकाराच्या गोल बफरमध्ये साठतो. भरला की जुन्या ओळी पुसून नव्या लिहिल्या जातात. ‘लॉगकॅट -जी’ने (लहान जी) आकार विचारला तर किती छोटी जागा आहे ते कळतं. बडबड्या टॅबलेटवर मुख्य बफरमध्ये तासाभरापूर्वीचंही काही सापडत नव्हतं, परवा रात्रीचं तर सोडाच. मोठ्या जीने आकार वाढवता येतो, तेव्हा सगळ्या टॅबलेटवर तो १६ एमबी करून ठेवला. पुढच्या रात्रीसाठी. एक बफर मात्र जास्त काळ टिकलेला सापडतो, तो ‘क्रॅश’चा, कारण तिथे गर्दी कमी. ‘लॉगकॅट -बी क्रॅश’ केलं. आमच्या ॲपचं नाव तिथे नव्हतं. म्हणजे ॲप आपल्या चुकीने कोसळत असल्याची खूण नव्हती. ही नकारार्थी माहितीही मोलाची होती, कारण ॲप लिहिणारे मित्र तोवर घाबरून आपलाच कोड चाळत बसले होते.

लॉग वाचायच्या आधी प्रत्येक टॅबलेटवर ‘एडीबी शेल डेट’ करून घ्यायची सवय लावलेली बरी. लॉगमधली वेळ यंत्राच्या घड्याळाची असते, आपल्या नाही. एका टॅबलेटचं घड्याळ कित्येक तास मागे होतं. त्याच्या रात्री दोनच्या नोंदी भलत्याच वेळी सापडल्या असत्या.

खरी वाट सापडली ती ‘डम्पसिस’मध्ये. अँड्रॉइडच्या पोटात डझनावारी सेवा चालतात. बॅटरी, खिडक्या, पॅकेजेस (बसवलेली ॲप्स), जॉब (ॲपने नंतरसाठी रांगेत लावलेली कामं), गजर असा प्रत्येकीचा आपापला कारभार. ‘डम्पसिस’ म्हणजे त्यातल्या कुठल्याही सेवेला तिची सध्याची स्थिती ओकायला लावणं. नुसतं ‘डम्पसिस’ केलं तर पानंच्या पानं कोसळतात, म्हणून सेवेचं नाव द्यायचं. अँड्रॉइड ११ पासून ॲक्टिव्हिटी सेवेकडे एक नवी नोंद असते : कोणतं ॲप केव्हा संपलं आणि का संपलं. ‘डम्पसिस ॲक्टिव्हिटी एक्झिट-इन्फो’ आणि पुढे पॅकेजचं नाव. ही नोंद लॉगसारखी वाहून जात नाही. प्रत्येक ॲपच्या शेवटच्या मोजक्या मृत्यूंची टिपणं ठेवलेली असतात आणि टॅबलेट बंद करून चालू केला तरी ती राहतात.

कारणांना आकडे दिलेले आहेत. ३ म्हणजे मेमरी कमी पडली म्हणून यंत्रणेने मारलं. ४ म्हणजे ॲप कोसळलं. ६ म्हणजे ॲपने प्रतिसाद दिला नाही, ज्याला सगळे एएनआर म्हणतात. माझी अपेक्षा ३ ची होती. स्वस्त टॅबलेट, थोडी मेमरी. पडद्यावर आला १०. आणि त्यापुढे कंसात शब्द : ‘युजर रिक्वेस्टेड’. वापरणाऱ्याच्या विनंतीवरून.

एका टॅबलेटवर नाही, त्या बनावटीच्या प्रत्येक टॅबलेटवर. कार्यालयाचं म्हणणं इथे अक्षरशः छापून आलं होतं. तिथे थांबलो असतो तर त्या ताईंना आणि त्यांच्यासोबतच्या सगळ्यांना सूचनापत्रक गेलं असतं. पण त्या नोंदीत पुढे आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे वेळ : मध्यरात्रीनंतरची, आणि वेगवेगळ्या टॅबलेटवर जवळजवळ तीच. इतकी माणसं एकाच सुमाराला उठून एकच ॲप बंद करतात हे मानायला जड होतं. दुसरी म्हणजे वर्णनाची ओळ. तिचा आशय असा, की अमुक ॲप थांबवलं, ‘फ्रॉम पीआयडी’ आणि एक आकडा.

हा आकडा म्हणजे थांबवा असं सांगणाऱ्या प्रक्रियेचा क्रमांक. १० या कारणाचा अर्थ तेवढ्यापुरताच असतो : कुणीतरी ॲपवर ‘फोर्स स्टॉप’ चालवलं. सेटिंग्जमधलं ते बटण माणूस दाबतो, म्हणून यंत्रणा त्याला वापरणाऱ्याची विनंती म्हणते. पण तशी परवानगी असलेलं दुसरं सिस्टीम ॲपही तेच करू शकतं, आणि नोंद शब्दशः तीच पडते. माणसाने सेटिंग्जमधून बंद केलं असतं तर तो पीआयडी सेटिंग्ज ॲपचा निघायला हवा होता.

टॅबलेट त्या रात्रीपासून बंद झालेला नव्हता, हे ‘अपटाइम’ने सांगितलं. ही खात्री महत्त्वाची, कारण यंत्र नव्याने सुरू झालं की पीआयडींचे आकडे नव्याने वाटले जातात आणि जुना आकडा निरर्थक होतो. ‘पीएस -ए’ करून तो आकडा शोधला. समोर आलं ते उत्पादकाने टॅबलेटबरोबरच भरून दिलेलं बॅटरी व्यवस्थापक ॲप. ते अजून जिवंत होतं, त्याच आकड्यासह. रात्री टॅबलेट वापरात नाही असं पाहून ते ‘अनावश्यक’ ॲप्स फोर्स स्टॉप करत होतं, आणि यंत्रणेच्या वहीत त्याचं खापर वापरणाऱ्याच्या नावे फुटत होतं.

फोर्स स्टॉप हे साधं मारणं नाही, हेही इथे सांगायला हवं. मेमरी कमी पडून मेलेलं ॲप वेळ आली की यंत्रणा पुन्हा उठवते. फोर्स स्टॉप झालेलं ॲप ‘स्टॉप्ड’ अवस्थेत जातं. त्याचे लावलेले गजर रद्द होतात, रांगेतले जॉब रद्द होतात, आणि अँड्रॉइड ३.१ पासून त्याला ‘यंत्र सुरू झालं’ ही घोषणासुद्धा ऐकू जात नाही. माणसाने चिन्हावर बोट ठेवून उघडेपर्यंत ते गप्प. ‘डम्पसिस पॅकेज’मध्ये त्या ॲपच्या ओळीत ‘स्टॉप्ड=ट्रू’ असं स्वच्छ दिसलं. सुट्टीच्या दिवसांनंतर माहितीत मोठी खिंडारं का पडायची तेही यातून उलगडलं. कुणी ॲप उघडलंच नाही तर रात्रीचा जॉब पुन्हा रांगेत लागायचाच नाही.

या बनावटीतले काही टॅबलेट अँड्रॉइड ११ च्या आधीचे होते, त्यांच्याकडे एक्झिट-इन्फो नाही. तिथे दुसऱ्या रात्रीची वाट पाहिली. बफर आधीच वाढवून ठेवलेला होता. सकाळी ‘फोर्स स्टॉपिंग’ हे शब्द लॉगकॅटमध्ये शोधले. ॲक्टिव्हिटी मॅनेजरची ओळ सापडली, शेवटी तोच ‘फ्रॉम पीआयडी’. त्या पीआयडीचा मालकही तोच.

दुसऱ्या बनावटीचं दुखणं वेगळं होतं आणि त्याने जास्त छळलं. एक्झिट-इन्फोमध्ये संशयास्पद काही नाही, ‘स्टॉप्ड=फॉल्स’, क्रॅश नाही. आणि केबल लावली की थोड्या वेळात सगळी तुंबलेली माहिती आपोआप वर जायची! तपासायला घ्यावं तोवर रोगी बरा.

पण तीच गोष्ट बोलकी होती. यूएसबीने टॅबलेट संगणकाला जोडला की तो चार्ज होऊ लागतो. म्हणजे मी केबलने बघत होतो तेव्हा मी परिस्थिती बदलतच होतो. केबल बाजूला ठेवून वायफायवरून बोलायचं ठरवलं. अँड्रॉइड ११ पासून याची नीट सोय आहे : डेव्हलपर ऑप्शन्समधलं वायरलेस डिबगिंग चालू करायचं, टॅबलेट सहा आकडी कोड आणि पत्ता दाखवतो, ‘एडीबी पेअर’ करून तो द्यायचा, मग ‘एडीबी कनेक्ट’. जोडी जमवायचा पोर्ट आणि नंतर जोडायचा पोर्ट वेगवेगळे असतात, हे पडद्यावर नीट बघितलं नाही तर कनेक्शन नाकारलं जातं. जुन्या टॅबलेटसाठी जुनी रीत : एकदा केबल लावून ‘एडीबी टीसीपीआयपी ५५५५’, मग केबल काढून ‘एडीबी कनेक्ट’. ही व्यवस्था टॅबलेट पुन्हा सुरू झाला की मिटते.

वायफायवरून ‘डम्पसिस जॉबशेड्युलर’ आणि पॅकेजचं नाव. हे पान वाचायला थोडा धीर लागतो, पण यात प्रत्येक जॉबखाली तीन याद्या असतात : कोणत्या अटी हव्यात, कोणत्या पूर्ण झाल्या आणि कोणत्या बाकी आहेत. आमच्या जॉबच्या बाकी अटींमध्ये एकच नाव होतं : ‘चार्जिंग’. ॲपमध्ये जॉब लिहिताना कुणीतरी अट घातली होती की टॅबलेट चार्ज होत असेल तेव्हाच माहिती पाठवावी. हेतू चांगला. पण या बनावटीची बॅटरी मोठी, एकदा भरली की बरीच टिकते, त्यामुळे हे टॅबलेट रोज रात्री चार्जिंगला लावलेच जात नव्हते. कपाटात पडून असायचे. जॉब रोज रात्री अटीची वाट पाहायचा.

हे पुन्हा पुन्हा घडवून बघायला रात्रीची गरज नसते. ‘डम्पसिस बॅटरी अनप्लग’ म्हटलं की केबल लावलेली असूनही यंत्रणेला वाटतं, केबल निघाली. आता जॉब अडतो. ‘डम्पसिस बॅटरी रीसेट’ म्हटलं की खरी परिस्थिती परत येते आणि जॉब धावतो. हा रीसेट करायचा राहिला तर बॅटरीचा आकडा होता तिथेच गोठून बसतो आणि टॅबलेट परत गेल्यावर नवीच तक्रार घेऊन येतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘ट्रॅप’ लावून तो शेवटी होईलच अशी सोय केली होती.

ॲपवाल्यांनी अट काढून नवी आवृत्ती दिली. ‘एडीबी इन्स्टॉल -आर’ने ती वर चढवली, आतली माहिती तशीच ठेवायची तर हा ‘-आर’ हवाच. काही टॅबलेटवर ‘अपडेट इनकम्पॅटिबल’ म्हणून नकार आला. तिथलं आधीचं ॲप चाचणीच्या किल्लीने सही केलेलं निघालं, नवं खऱ्या किल्लीने. सह्या जुळल्या नाहीत तर अँड्रॉइड वर चढवू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण आधीचं काढलं तर न पाठवलेले फॉर्म जातात. ॲपचा खाजगी फोल्डर बाहेरून वाचता येत नाही. एडीबीचा शेल हा मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता असतो, रूट, म्हणजे सर्वाधिकारी, नव्हे. सुदैवाने चाचणीची ती आवृत्ती ‘डिबगेबल’, म्हणजे तपासणीसाठी आत बघू देणारी, होती, त्यामुळे ‘रन-ॲज’ वापरून तिच्याच नावाने आत शिरता आलं. डेटाबेसची फाइल ‘एक्झेक-आउट’ने बाहेर काढली. इथे साधा ‘शेल’ टाळलेला बरा. जुन्या यंत्रांवर तो ओळीच्या शेवटची चिन्हं बदलतो आणि बायनरी फाइल खराब होते.

नवी आवृत्ती डोझमध्ये कशी वागते तेही पाहिलं. अँड्रॉइड ६ पासून पडदा बंद, केबल नाही आणि यंत्र हललेलं नाही अशा अवस्थेत बराच वेळ गेला की यंत्रणा नेटवर्क तोडते, जॉब मागे ढकलते आणि मधूनमधून थोडी खिडकी उघडते. ‘डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल’ने ती अवस्था लगेच आणता येते, ‘अनफोर्स’ने परत. जॉब रात्री दोनलाच जाईल असं नाही, पुढच्या खिडकीत जाईल, एवढं कार्यालयाला सांगून टाकलं. त्यांना दोनचा हट्ट नव्हता.

आता पहिल्या बनावटीचा तो बॅटरी व्यवस्थापक. त्याच्या सेटिंगमध्ये आमच्या ॲपला सूट द्यायची सोय होती, पण ती प्रत्येक टॅबलेटवर बोटाने द्यावी लागली असती. डोझच्या सूट-यादीत ॲप घातलं तरी उपयोग झाला नाही. ती यादी अँड्रॉइडची, आणि हा बाबा स्वतःची वेगळी यादी पाळतो. मग ‘पीएम डिसेबल-युजर’, म्हणजे ॲप निष्क्रिय करायची कमांड. उत्तर आलं, सिक्युरिटी एक्सेप्शन. या पॅकेजला हात लावायची शेलला मुभा नाही. उरला ‘पीएम अनइन्स्टॉल --युजर ०’. याने ॲप सिस्टीमच्या विभागातून जात नाही, फक्त त्या वापरकर्त्यापुरतं काढलं जातं. पश्चात्ताप झाला तर ‘सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग’ने परत आणता येतं, आणि फॅक्टरी रीसेट केला तर ते आपणहून परत येतं.

या कमांडबद्दल जालावर लांबलचक याद्या फिरतात, अमुक पन्नास पॅकेजं उडवा, फोन पळेल. माझं मत विचाराल तर दुसऱ्याची यादी डोळे झाकून चालवू नये. एका यंत्रावर निरुपद्रवी असलेलं पॅकेज दुसऱ्यावर लॉक स्क्रीनला किंवा मुख्य पडद्याला धरून असतं, आणि मग यंत्र सुरूच होत नाही. मी एका टॅबलेटवर काढलं, तो पुन्हा सुरू केला, चार्जिंग, पडदा, कॅमेरा, स्थान हे सगळं तपासलं, त्याला रात्रभर तसाच पडू दिला आणि एक्झिट-इन्फो पुन्हा वाचला. १० चा नवा आकडा नव्हता. मगच बाकीच्यांना लूप लावलं.

खोक्यात तळाशी दोन-चार आयपॅडही होते, कुणीतरी ‘हेही बघा’ म्हणून टाकलेले. तिथे एडीबी नाही. लिनक्सवर लिबआयमोबाइलडिव्हाइस नावाचा मुक्त साधनसंच आहे. त्याने यंत्राची माहिती घेता येते, चालू असलेला लॉग बघता येतो आणि साठलेले क्रॅश अहवाल ओढून घेता येतात. पडद्यावर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ याला हो म्हणावं लागतं, पासकोड द्यावा लागतो. लॉग तिथे आत्तापासूनचा मिळतो, मागचा नाही. डम्पसिससारखं सेवेला दरडावून विचारणं आयपॅडवर शक्य नाही. मेमरीपायी मारलेल्या ॲप्सचे ‘जेटसॅम’ अहवाल मात्र मिळतात, आणि यांवर तेच होते. ॲप फोटो मूळ आकारात मेमरीत धरत होतं. ते ॲपवाल्यांकडे पाठवून मोकळा झालो.

कार्यालयाला कळवताना मी ‘बगरिपोर्ट’ची, म्हणजे टॅबलेटच्या सगळ्या नोंदींच्या गठ्ठ्याची, झिप पाठवली नाही. त्यात खात्यांची नावं, वायफायची नावं, कुठलं ॲप केव्हा वापरलं असं बरंच काही असतं. ते कुणाच्या मेलमध्ये पडून राहायची गरज नव्हती. फक्त त्या दोन ओळी कापून पाठवल्या : मृत्यूची नोंद आणि त्या पीआयडीचा मालक. पहिला प्रतिसाद आला, “पण इथे तर युजर लिहिलंय.” फोन करून दुसरी ओळ वाचून दाखवावी लागली. नंतर त्यांनी विचारलं, मग हे आधी कुणाला कसं कळलं नाही. कारण टॅबलेटवर ते कुठेच दिसत नाही, एवढंच माझ्याकडे उत्तर होतं.

टॅबलेट परत करण्याआधी आवराआवर. ५५५५ हा पोर्ट उघडा ठेवून यंत्र नेटवर्कवर सोडणं म्हणजे कुणालाही आत यायला मोकळीक; २०१८ मध्ये नेमक्या या पोर्टवरून पसरत जाणारं, यंत्रांवर आभासी चलन खोदणारं मालवेअर सापडलं होतं. म्हणून ‘एडीबी यूएसबी’ने तो बंद केला. वायरलेस डिबगिंगची जोडी मोडली. संगणकांना दिलेल्या परवानग्या डेव्हलपर ऑप्शन्समधून मागे घेतल्या. त्याला कमांड नाही, बोटच लागतं. सर्वांत शेवटी ‘सेटिंग्ज पुट ग्लोबल एडीबी-एनेबल्ड ०’, मध्ये अधोरेखा. ही कमांड चालली की ती चालवणारं कनेक्शनच तुटतं, त्यामुळे लूपमध्ये ती यशस्वी झाली की नाही हे तिच्या उत्तरावरून ठरवता येत नाही. ‘एडीबी डिव्हाइसेस’ची यादी पुन्हा काढायची आणि त्या टॅबलेटचं नाव तिथे नाही ना, एवढं बघायचं. एकच सिरीयल असलेल्यांच्या बाबतीत पाठीवरच्या पट्ट्या वाचत, एकेक केबल काढून.